फूड हॉलमध्ये आधी रिकाम्या हाताने एक चक्कर

जुन्या गिरणीत, गोदामात किंवा मंडईत थाटलेल्या फूड हॉलमध्ये शिरलात की पहिल्याच दिसलेल्या रांगेत उभं राहू नका. आधी रिकाम्या हाताने एक पूर्ण चक्कर मारा. नुसते फलक वाचू नका, लोकांच्या ताटांत काय आहे ते बघा. फोटोपेक्षा ते खरं बोलतं. चार-पाच जण असाल तर एकाने टेबल धरायचं, बाकीच्यांनी वेगवेगळ्या काउंटरवरून एकेकच पदार्थ आणायचा. सगळ्यांचं सगळं चाखून होतं.

जागा निवडताना इमारतीचा विचार करा. उंच छत, दगडी भिंती, फरशी, म्हणजे आवाज घुमणारच. मधल्या टेबलांवर बोलायचं तर ओरडावं लागतं; माळ्याखालचा, कमी उंचीचा कोपरा मिळाला तर सोडू नका. माळ्यावरून नजारा झकास दिसतो, पण गरम हवा आणि तळणाचा वास वरच जातो, त्यामुळे कपडे घरी येईपर्यंत दरवळतात! जाड भिंतींमुळे मोबाइलची रेंजही दगा देते. क्यूआर कोडवरचा मेनू उघडेना झाला तर सरळ काउंटरवर विचारा. सोबत आजी-आजोबा किंवा बाबागाडी असेल तर लिफ्ट कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. ती नंतर बसवलेली असल्याने बऱ्याचदा मागच्या बाजूला असते.

आणि खाता खाता वर बघा. जुनी कप्पी, लोखंडी खांबावरचं ओतकाम, भिंतीवरची पुसट अक्षरं कुठेतरी सापडतातच.