डाळिंबाच्या बागेतील परागीभवन कसे तपासावे

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबाच्या बागेत फुलांवर कोणते कीटक येतात आणि त्यांचा फळधारणेत किती वाटा आहे, हे शेतकऱ्याला स्वतः तपासता येते. डाळिंबाला दोन प्रकारची फुले येतात: घंटेच्या आकाराची नर फुले गळून जातात, तर फुगीर तळाची, कलशासारखी दिसणारी उभयलिंगी फुले फळ धरतात, म्हणून प्रयोगासाठी केवळ दुसऱ्या प्रकारच्या कळ्या निवडाव्यात.

उमलण्याच्या आदल्या दिवशी अशा 20 कळ्यांवर पातळ मलमलीच्या पिशव्या सैलसर बांधाव्यात आणि त्याच झाडांवरील दुसऱ्या 20 कळ्यांना नुसता रंगीत दोरा बांधून त्या मोकळ्या ठेवाव्यात. पाकळ्या गळताच पिशव्या काढाव्यात. तीन आठवड्यांनी दोन्ही गटांत टिकलेली फळे मोजली की कीटकांनी केलेले काम डोळ्यांसमोर येते.

मोकळ्या फुलांपाशी सकाळी दहा मिनिटे स्तब्ध बसून फुलोरी, सातेरी, आग्या या मधमाश्या आणि काळा भुंगा यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. बांधावरची तरवड, रुई, एकदांडी तणनाशकाने जाळू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण बहर नसताना माश्यांना खाद्य तेथेच मिळते. तरवडीच्या परागकोशातील पराग तर भुंगे अंग थरथरवूनच बाहेर काढतात. फवारणी अटळच असेल, तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी.