नारकंड्याला फिंच पाहायला जाताना

हिमाचलातल्या नारकंड्याला फिंच, म्हणजे बी खाणारे जाड चोचीचे लहान पक्षी, पाहायला मुंबईहून निघायचं तर ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य हे दिवस धरा. सूचिपर्णी झाडांचे शंकू याच सुमारास पिकून बी सांडू लागतात, आणि नारकंड्याजवळच्या हातू शिखराचा रस्ता बहुधा अजून बर्फाने अडलेला नसतो. चंदीगडपर्यंत रेल्वे, मग शिमला, तिथून साठेक किलोमीटरवर नारकंडा. उंची सुमारे २,७०० मीटर, तेव्हा पोचल्या दिवशी चढ चढू नका.

मागच्या वर्षी कुणाला कुठे थवा दिसला, यावर बेत आखू नका. ही झाडं दरवर्षी सारखेच शंकू धरत नाहीत, आणि बी जिथे असेल तिथे पक्षी सरकतात. म्हणून आधी शंकू बघायला शिका. देवदार आणि तोष (हिमालयातला फर) यांचे शंकू फांदीवर उभे असतात. ते पिकले की झाडावरच सुटे होतात. खाली येतात ते नुसते खवले, मधला दांडा वर तसाच उभा राहतो. जमिनीवर शंकू नाहीत म्हणून यंदा धरलेच नाहीत, हा निष्कर्ष इथे साफ चुकतो. राईचे (मोहरी नव्हे, हिमालयातला स्प्रूस) शंकू लोंबतात आणि अख्खे गळतात. कैलचे (हा पाइन) वीतभर लांब, राळेने चिकट. ते पिकायला दोन वर्षं घेतात, त्यामुळे फांद्यांच्या टोकाशी दिसणारे लहान शंकू पुढच्या वर्षीचे असतात.

यंदा शंकू किती धरलेत याच्या मोजणीसाठी एका जातीची वीस झाडं ठरवा. ऊन पाठीशी घेऊन प्रत्येक झाडाच्या वरच्या एक तृतीयांश भागात तीस सेकंदांत दिसतील तेवढे शंकू मोजा. मोजणारा एकच हवा. राई-कैलवर गेल्या वर्षीचे उघडे, करडे शंकू अजून लटकत असतात. ते धरले तर आकडा फुगतो. सरावाला विरारजवळच्या अर्नाळ्याचं सुरूचं बन चांगलं. सुरू सूचिपर्णी नाही, ती फुलझाडांतली. पण तिची लाकडी फळं शंकूसारखी दिसतात आणि उंच शेंड्यावर नजर स्थिर ठेवायची सवय होते.

८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. जास्त पटीची घेतली तर हाताची थरथरही मोठी दिसते. पाठीवर पडून वर बघायला पातळ फोमची चटई जरूर घ्या, नाहीतर तासाभरात मान आखडते. झाडाखाली उभं राहून आधी ऐका: वरून खवले टपटपत असतील तर कुणीतरी शंकू सोलतंय. क्रॉसबिल हा फिंच टोकं एकमेकांना ओलांडणाऱ्या आपल्या चोचीने मिटलेले खवलेही फाकवतो, बाकीच्या बहुतेक फिंचना शंकू उघडायची वाट पाहावी लागते. खाली राईचा शंकू मिळाला तर उचलून बघा: खवले उभे चिरलेले असतील तर क्रॉसबिल, मुळापर्यंत कुरतडून नुसता दांडा उरला असेल तर खार किंवा उंदीर. काळ्या-पिवळ्या रंगाचा ग्रोसबीक (जाड चोचीचा मोठा फिंच) दिसला तर मांड्या तपासा. काळ्या असतील तर ब्लॅक-अँड-यलो ग्रोसबीक, पिवळ्या असतील तर कॉलर्ड ग्रोसबीक.

रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, म्हणून बॅटऱ्या अंगावरच्या खिशात ठेवा. थंडीतून गरम खोलीत शिरण्याआधी दुर्बीण झिपच्या पिशवीत बंद करा आणि ती खोलीइतकी उबदार झाल्यावरच काढा, म्हणजे काचांवर दव धरणार नाही. घरी परतल्यावर ती पूर्ण कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत ओल राहिलेल्या काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.