हातच्याची बेरीज-वजाबाकी शिकवताना या चुका टाळा

५२ − २७ = ३५. लहान मुलांच्या वह्यांत हे उत्तर मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर फुली मारायला हात धजत नाही. मुलाने हलगर्जीपणा केलेलाच नसतो. एककात वर २, खाली ७. त्याने सरळ ७ मधून २ काढले. 'लहान संख्येतून मोठी जात नाही' हे आपणच त्याच्याकडून घोकून घेतलेलं असतं आणि त्याने ते मनापासून पाळलेलं असतं.

म्हणून ते वाक्य सोडून द्या. त्याऐवजी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा, आणि सत्तावीस मागा. एका मुलीपुढे मी असं केलं, तेव्हा ती बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "रबर काढू का?" तो क्षण येईपर्यंत थांबा, घाई करू नका. रबर निघालं की चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या होतात. आता तिथल्या तिथे वहीत ५ वर काट मारून ४ लिहायचे, २ चे १२ करायचे. काड्या आज आणि वही पुढच्या आठवड्यात असं केलं, तर मुलाला ते दोन वेगळे खेळ वाटतात.

बेरजेत उत्तर चुकलं की कसं चुकलं ते आधी बघा. ४७ + ३८ चं उत्तर ७१५ आलं, तर मुलाने १५ आणि ७ नुसते शेजारी मांडलेत. एककाच्या घरात एकच अंक मावतो हे अजून उमगलेलं नाही. १२१ आलं, तर १५ मधला १ खाली लिहून ५ हातचा धरलाय. ७५ आलं, तर हातचा मिळवायचा राहिलाय. पहिल्या दोघांना पुन्हा काड्या हव्यात, तिसऱ्याला फक्त हातचा दशकाच्या डोक्यावर लिहायची सवय.

घरी एक गोंधळ हमखास होतो. मोठ्यांपैकी कित्येकजण ५२ − २७ सारख्या वजाबाकीत वरचा दशक कमी करत नाहीत. खालच्या २ मध्ये हातचा मिळवून ३ करतात आणि ५ मधून ३ काढतात. रीत अगदी बरोबर आहे: दोन्ही संख्यांत दहा मिळवले तर फरक तोच राहतो. पण शाळेत गठ्ठा सोडायला शिकवत असतील, तर घरी ही रीत सांगू नका. मूल दोन्ही एकदम करतं, वर ४ आणि खाली ३, आणि उत्तर १५ येतं.

शून्य आलं की भलेभले अडतात. ४०३ − १५७ मध्ये दशकाच्या घरात सोडायला काहीच दिसत नाही. इथे मी ४०३ म्हणजे '४० दशक आणि ३' असं वाचायला लावते. एक दशक सुटा केला की उरले ३९ दशक आणि १३. १३ मधून ७ गेले ६, ३९ मधून १५ गेले २४, उत्तर २४६. शतक मोडा, मग दशक मोडा, ही दुहेरी कसरत वाचते.

कधी चूक हातच्याची नसतेच. ५६ + ७ मध्ये ७ जर ५ खाली लिहिला, तर १२६ येणारच. चौकटींची वही द्या. गणित तोंडी सांगत असाल तर एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिलं नाही ना, तेही पाहा. आणि ८ ला दहा व्हायला किती हवेत हे बोटं न मोजता येत नसेल, तर हातचा थोडे दिवस बाजूला ठेवा.

सरावात सगळी गणितं हातच्याचीच देऊ नका. मग ४३ + २५ मध्येही मुलं हातचा घेऊन ७८ लिहितात. दोन्ही प्रकारची दहा गणितं मिसळून द्या आणि सोडवायला सांगूच नका. प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं: गठ्ठा बांधावा किंवा सोडावा लागेल का? हो की नाही?