लेकीचा पंधरावा वाढदिवस आपल्या घरच्या रीतीने कसा करावा

पंधराव्या वाढदिवसाचा ठरलेला असा विधी आपल्याकडे नाही. सोळा संस्कारांत तो येत नाही. त्यामुळे इथे मोकळीक आहे: आजोळच्या आणि वडिलांकडच्या जुन्या गोष्टींतून मुलीला भावेल ते उचलायचं आणि दिवस तिचा करायचा.

१. महिनाभर आधी विचारपूस करा

फोन मुलीनेच करावेत. आजीला, आत्याला, मावशीला, पणजी असेल तर तिला आधी. ‘आपली परंपरा काय?’ असं विचारलं की समोरचं माणूस गडबडतं. ‘तू पंधरा वर्षांची होतीस तेव्हा काय करायचीस? सणाला गोड काय व्हायचं? जात्यावरची एखादी ओवी आठवते का?’ असं विचारा, बोलणं आपोआप सुरू होतं. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. आजीच्या आवाजातली ओवी पुन्हा मिळत नाही.

थोरल्या बायकांकडून एक उत्तर हमखास येतं: ‘त्या वयात आमची लग्नं झाली होती.’ 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय 14 केलं, 1949 मध्ये ते 15 झालं आणि 1978 मध्ये 18. म्हणजे पणजीसाठी जे लग्नाचं वय होतं, त्या वयात आज आपली मुलगी दहावीचा अभ्यास करते आहे. हे तिला जरूर सांगा. आणि म्हणूनच या दिवशी नवरीसारखा साज, हिरवा चुडा, ‘आता सासरी जायची झाली’ ही थट्टा, यातलं काहीही नको. जुन्या न्हाणाच्या, म्हणजे पहिल्या पाळीच्या, सोहळ्याशीही याची गल्लत करू नका. हा दिवस तिच्या शरीराबद्दल नाही.

२. दिवस ठरवा

तिथीने की तारखेने, हे घराने ठरवावं. तिथी आणि तारीख साधारण 19 वर्षांनी जुळतात, पंधराव्या वर्षी बहुधा नाही. मग सोपं आहे: तिथीला घरचं औक्षण, तारखेला मैत्रिणींचा केक. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे ज्येष्ठ दोनदा येतो: आधी अधिक, मग निज. ज्येष्ठातला जन्म असेल तर बहुतेक घरी निज ज्येष्ठातली तिथी धरतात.

३. कपडे

आजीची नऊवारी नेसवायचा मोह होतो. आधी ती घडीच्या रेषेवर उजेडात धरून पाहा. तिथे धागे विरलेले दिसले तर नेसवू नका, पहिल्याच ओच्याला फाटेल. काठ आणि पदर उसवून परकराला लावून घ्या, पोलकं खणाचं शिवा. लुगडं धडधाकट असेल तर मात्र कात्री लावू नका. नेसवायला आजीलाच बोलवा.

४. पंधरा दिव्यांचं औक्षण

पंधरा तिथींचा एक पक्ष, तसे पंधरा दिवे. वाटीभर पाण्यात गूळ विरघळवून गाळा, दोन वाट्या कणकेत चमचाभर तूप आणि हळद घालून ते पाणी लागेल तेवढंच घालत घट्ट मळा. लिंबाएवढे गोळे करून अंगठ्याने खळगा पाडा, काठ थोडे जाड ठेवा. इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवा. वाती तुपात आधीच भिजवून ठेवाव्यात, कोरडी वात नुसतीच जळते. पंखा बंद करायला विसरू नका. परदेशात असाल तर धुराच्या अलार्मपासून लांब बसा.

पाटाभोवती रांगोळी काढा, मुलीला पूर्वेकडे तोंड करून बसवा. कुंकू, अक्षता, मग सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळा, मग दिव्यांचं ताट. शेवटी डोक्यावर कापूस ठेवून ‘कापसासारखी म्हातारी हो’ म्हणायचं. घरातल्या प्रत्येकीने ओवाळावं. विधवा आजी किंवा काकू मागे सरली तर ताट तिच्याच हातात आधी द्या. हा एक जुना नियम या दिवशी मोडलाच पाहिजे. दिवे फुंकायचे नाहीत. शांत झाले की जळका भाग काढून दूध-तुपाबरोबर खायचे.

बौद्ध घरात औक्षणाऐवजी त्रिसरण-पंचशील होईल, ख्रिस्ती घरात प्रार्थना. आई-वडिलांची घरं वेगळ्या रीतीची असतील तर दोन्हीकडचं एकेक घ्या.

५. जेवण आणि खेळ

दोन्ही घरांचा एकेक पदार्थ पुरे: खानदेशातले खापरावरचे मांडे, कोकणातलं घावन-घाटलं, विदर्भातला गोळाभात. पुरण घातलं तर एक पोळी मुलीला लाटू द्या. शिजलेल्या पुरणात उलथनं उभं राहिलं की ते झालं, ही खूण तिच्या हाताला कळू दे. पोळी फुटली तर फुटली.

संध्याकाळी फुगडी, झिम्मा, पिंगा. हे मंगळागौरीचेच खेळ, पण लग्नाची अट त्यांना कशाला? मैत्रिणींना येत नसतील तर आत्या-मावशीने शिकवावेत. गुळगुळीत फरशीवर अनवाणीच खेळा, मोजे नकोत.

६. ओवाळणी

पाकिटं आईच्या कपाटात जाऊ नयेत. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेच्या अटींनुसार स्वतःचं बचत खातं चालवता येतं. ते आधीच उघडून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरायला तिलाच पाठवा.