साठीनंतर आतड्यातील जिवाणूंची निगा कशी राखावी: इंदुरातील घरांसाठी

मोठ्या आतड्यातील जिवाणू आपल्याला न पचणारा अन्नातील तंतू (फायबर) आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जा मिळते ती मुख्यतः याच ब्युटिरेटपासून. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होते, भूक मंदावते, कवळी नीट बसत नसेल तर भाकरी सुटते, गोळ्या मात्र वाढत जातात, आणि या साऱ्याचा परिणाम जिवाणूंवर होतो. युरोपातील पाच देशांमध्ये ६५ ते ७९ वयाच्या ६१२ व्यक्तींच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, भाज्या, कडधान्ये आणि ऑलिव्ह तेलावर भर देणारा आहार ज्यांनी वर्षभर काटेकोरपणे पाळला, त्यांच्या आतड्यातील जिवाणूंमध्ये अनुकूल बदल झाले आणि त्या बदलांचा संबंध कमी अशक्तपणाशी व चांगल्या स्मरणशक्तीशी आढळला. त्यासाठी ऑलिव्ह तेल आणण्याची गरज नाही. कडधान्य आणि भाजी आपल्या घरात असतेच.

पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ नोंद ठेवावी: काय खाल्ले, पाणी किती प्यायले, शौचाला कसे झाले आणि कोणती गोळी केव्हा घेतली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. सकाळी शेव घातलेले पोहे, दुपारी मैदा मिसळलेल्या पोळ्या किंवा नुसता वरण-भात आणि सायंकाळी चहा-टोस्ट असा दिवस गेला, तर हा आकडा गाठणे कठीण आहे, कारण १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत तंतू जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम असतो. पोहे सोडावे असे मी म्हणणार नाही; इंदुरात राहून तसे म्हणणे शहाणपणाचेही नाही. पण शेव निम्मी करून उसळ-पोहे खाल्ले, तर चव राहते आणि जिवाणूंनाही खाद्य मिळते.

दुसऱ्या आठवड्यापासून एका वेळच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी घ्यावी. मालव्यात ती एके काळी रोजची होती, गव्हाने तिला मागे सारले. दातांचा त्रास असल्यास भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करावी. नंतर एक वाटी मोड आलेले मूग किंवा मटकी शिजवून घ्यावी, आणि त्यापुढच्या आठवड्यात एखादी पालेभाजी वाढवावी. एकदम सारे बदलले, तर वायू धरतो, पोट फुगते, आणि ‘हे मला सोसत नाही’ असे म्हणून सारे सोडून दिले जाते. बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. तंतू वाढवताना पाणीही वाढवावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

ताक घरचेच असावे. दूध उकळून, करंगळी बुडवली असता सुखद उबदार वाटेल इतके निववावे, चमचाभर विरजण चांगले मिसळावे आणि भांडे झाकून ठेवावे, हलवू नये. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दही रात्रभरातही लागत नाही, तेव्हा भांडे कापडात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवावे. दही आंबट होण्याआधी घुसळून ताक करावे आणि मीठ बेताचे घालावे. कढी रुचकर असली, तरी उकळीने त्यातील जिवाणू मरतात, म्हणून कढी प्यायली म्हणजे ताक झाले असे समजू नये.

प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त जिवाणूंची, कॅप्सूल घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वयाच्या ९० स्त्रियांना वर्षभर लॅक्टोबॅसिलस गटातील एक विशिष्ट जिवाणू दिला असता हाडांची झीज कमी झाल्याचे २०१८ साली दिसले; पुढे नुकत्याच रजोनिवृत्त झालेल्या स्त्रियांवरील दोन वर्षांच्या मोठ्या चाचणीत २०२४ साली तसा लाभ आढळला नाही. त्यामुळे हाडांसाठी महागड्या कॅप्सूलवर खर्च करण्याची आज गरज दिसत नाही. सोयाबीनचीही गंमत अशीच आहे: त्यातील एका घटकापासून इस्ट्रोजेनसारखे सौम्य काम करणारे इक्वॉल काही जणींच्याच आतड्यातील जिवाणू बनवू शकतात. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, तेथे सोयाबीन प्रथिनांसाठी जरूर खावे, पण त्याला औषध मानू नये.

शेवटी गोळ्यांकडे पाहावे. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर तिचा परिणाम जिवाणूंवर होतो आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीमुळेही बी-१२ घटते, आणि शाकाहारी घरांत ते आधीच बेताचे असते. गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांशी बोलून बी-१२ तपासून घ्यावे. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सर्दी-खोकल्याला घेऊ नयेत. थायरॉईडची गोळी आणि इसबगोल किंवा सोयाबीन यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. कर्करोगाचे उपचार चालू असल्यास किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असल्यास घरचे ताक व प्रोबायोटिक दोन्ही विचारूनच घ्यावे. शौचात रक्त दिसले, कारण नसताना वजन उतरले, हिमोग्लोबिन घटले किंवा शौचाची जुनी सवय काही आठवड्यांत बदलली, तर आहाराचे प्रयोग थांबवून पोटविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि पहिल्या आठवड्याची ती नोंदवही सोबत न्यावी.