बिस्किट जॉइंटर आणि मिनिफिक्स: सुटे होणारे कपाट जोडताना

अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्या पुण्यातील कुटुंबाचे कपाट दर दोन-तीन वर्षांनी टेम्पोत चढते, आणि जुन्या इमारतींचे अरुंद जिने अखंड कपाटाला दाद देत नाहीत. त्यामुळे मिनिफिक्ससारख्या कॅमच्या जोडण्या (एका फळीतला बोल्ट दुसऱ्या फळीतला फिरता गोल तुकडा, म्हणजे कॅम, ओढून धरतो) वापरण्याकडे बहुतेकांचा कल असतो. मात्र नुसत्या मिनिफिक्सवर उभे केलेले कपाट जोडापाशी किंचित वर-खाली सरकते, कारण फळीच्या काठातील ८ मिमीच्या छिद्रात बोल्टला थोडी मोकळीक असते. यावर कारखान्यात लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंट्या, बसवतात. डॉवेलला दोन्ही दिशांनी अचूक छिद्र लागते आणि हाताच्या ड्रिलने ते साधणे कठीण असते. दोन्ही फळ्यांच्या खाचांत निम्मे-निम्मे बसणारे लाकडी बिस्किट ही अडचण निम्मी करते. फळीच्या जाडीच्या दिशेने ते जोड पक्का धरते, पण लांबीच्या दिशेने खाच बिस्किटापेक्षा थोडी मोठी असल्याने दोन-तीन मिलिमीटर सरकू देते. म्हणून पातळी बिस्किटाने राखावी आणि ओढून धरण्याचे काम कॅमवर सोडावे.

बिस्किट म्हणजे दाबलेल्या बीच लाकडाची लंबगोल चकती, आणि तिची खाच पात्याने कापणारे हातयंत्र म्हणजे बिस्किट जॉइंटर. ही पद्धत १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील हर्मन स्टायनर यांनी काढली. नेहमीची मापे तीन आहेत: ० नंबर ४७×१५ मिमी, १० नंबर ५३×१९ मिमी आणि २० नंबर ५६×२३ मिमी, जाडी सर्वांची सुमारे ४ मिमी. १८ मिमी प्लायसाठी २० नंबर योग्य ठरतो. त्याची खाच सुमारे १२ मिमी खोल जाते, म्हणजे बाजूच्या फळीत मागे ६ मिमी प्लाय शिल्लक राहतो. १२ मिमीच्या फळीत मात्र ० नंबरच वापरावा, नाहीतर २० नंबरच्या खोलीवर पाते पलीकडे डोकावेल. २० नंबरच्या साध्या खाचेतच इपॉक्सीने चिकटवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या जोडण्याही असतात, पण मिनिफिक्स बोहरी आळीत सहज मिळते आणि हरवलेला बोल्ट पुन्हा आणता येतो, म्हणून मी तेच वापरतो.

प्लाय कापण्यापूर्वी त्याची खरी जाडी व्हर्नियरने मोजावी. बाहेरून १ मिमी आणि आतून ०.८ मिमी सनमायका लावल्यावर १८ ची फळी जवळजवळ २० ची होते. बोल्टचे केंद्र फळीच्या मध्यावरून न मोजता ज्या पृष्ठातून कॅम बसणार त्या पृष्ठापासून मोजावे, कारण कॅमची खोली तिथूनच ठरते. १८ मिमीच्या हिशेबाने हे अंतर ९ मिमी येते. या पृष्ठावर खडूने खूण करावी आणि बिस्किटाचे मापही त्याच खुणेवरून घ्यावे.

उदाहरणादाखल ५६० मिमी खोलीचे कपड्यांचे कपाट घेऊ. समोरच्या काठापासून ७० आणि ४९० मिमीवर मिनिफिक्स, तर १५०, २८० आणि ४१० मिमीवर बिस्किटे घ्यावीत. खाच पृष्ठावर साठ-पासष्ट मिलिमीटर पसरते, त्यामुळे बोल्टच्या छिद्रापासून याहून जवळ जाऊ नये.

मधल्या फळीसाठी फळीलाच गाइड करता येते. बाजूच्या फळीवर रेघ मारून मधली फळी आडवी ठेवावी, तिचा काठ रेघेवर आणून दोन क्लॅम्पने आवळावी. यंत्र बाजूच्या फळीवर सपाट ठेवून काठात खाचा घ्याव्यात. मग यंत्र उभे करून त्याचा तळ त्याच काठाला टेकवून बाजूच्या फळीत खाचा घ्याव्यात. पुस्तकाचे पान उलटावे तशी फळी उभी केली की तिचे खालचे पृष्ठ बरोबर रेघेवर येते. वरच्या व तळाच्या फळ्या टोकाशी येत असल्याने तिथे हा उपाय चालत नाही. तिथे यंत्राचे कुंपण (खाचेचे अंतर ठरवणारी, फळीला टेकणारी पट्टी) ९ मिमीवर ठेवून दोन्ही खाचा बाहेरच्या पृष्ठावरूनच घ्याव्यात. खाच घेताना यंत्र दोन्ही हातांनी आधी घट्ट टेकवावे, नंतरच पाते आत ढकलावे. उलट केल्यास सनमायकाचा टवका उडतो आणि यंत्र बाजूला झटका देते.

आता या पद्धतीतील सर्वात उपयोगी भाग. आडव्या फळीच्या काठात ८ मिमीचे छिद्र पाडून त्यात टोकदार सेंटर पॉइंट बसवावेत, बिस्किटे कोरडीच घालावीत, समोरचे काठ पोलादी पट्टीला टेकवून समपातळीत आणावेत आणि फळी बाजूच्या फळीवर दाबावी. बिस्किटे पातळी राखतात, टोके नेमकी जागा दाखवतात. त्या खुणेवर ५ मिमीचे छिद्र सुमारे ११ मिमी खोल पाडावे. ड्रिलवर चिकटपट्टीची खूण असू द्यावी. कॅमसाठी १५ मिमी फोर्स्टनर बिट, म्हणजे सपाट तळाचे छिद्र पाडणारा बिट, लागतो. त्याचे केंद्र काठापासून बोल्टच्या लांबीनुसार २४ किंवा ३४ मिमीवर येते, आणि खोली पाकिटावरच्या आकड्याप्रमाणे ठेवावी.

डिंक फक्त आडव्या फळीच्या खाचेत, आणि तोही जेमतेम लावावा. माझ्या पहिल्या कपाटात सवयीने दोन्ही बाजूंना डिंक लावला गेला. तिसऱ्या मजल्यावरून ते उतरवण्याच्या दिवशी तळ करवतीने कापावा लागला. बिस्किटाच्या बाहेर राहणाऱ्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून ठेवावी आणि डिंक एक दिवस वाळू द्यावा. डिंकातील पाण्याने तो भाग फुगला असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासावा. जून ते सप्टेंबरमध्ये उरलेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, नाहीतर नवी खाचही त्यांना अरुंद वाटू लागते.

शेवटी बोल्ट त्याची कडा पृष्ठाला टेकेपर्यंत फिरवावा, कॅमचा बाण काठाकडे ठेवून फळी बसवावी आणि स्क्रूड्रायव्हरने सुमारे अर्धा वेढा द्यावा. कॅम नुसताच गरगर फिरला तर बोल्ट फार आत गेला आहे किंवा अंतर चुकले आहे. जोर लावल्यास जस्ताचा कॅम तुटतो. गुण्याने कोपरे तपासून ६ मिमीची पाठ स्क्रूने लावावी, कारण काटकोन पाठच धरून ठेवते. उघडताना आधी पाठ काढावी, कॅम उलटे फिरवावेत आणि बाहेर आलेल्या बिस्किटांवर जाड पुठ्ठा गुंडाळून फळ्या टेम्पोत उभ्या ठेवाव्यात.