फौजेतून सुटताना पैसे काढण्याची घाई: या चुका टाळा

डिस्चार्जच्या कागदांवर सह्या चालू असतात, जीव गावाकडे लागलेला असतो आणि कम्युटेशनच्या, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याच्या, रकान्यात सरळ 50 टक्के भरलं जातं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

50 टक्के ही मर्यादा आहे, सक्ती नाही. मूळ पेन्शन 20,000 असेल आणि त्यातले 10,000 विकले, पुढच्या वाढदिवसाला वय 40 होत असेल, तर वयानुसार ठरलेला गुणाकाराचा घटक 9.090. म्हणजे 10,000 × 12 × 9.090 = 10,90,800 हातात. बदल्यात 15 वर्षं दरमहा 10,000 कापले जाणार, एकूण 18 लाख. व्याजाच्या हिशेबात हे साधारण 7.3 टक्क्यांनी पडतं. महागाई भत्ता मात्र पूर्ण 20,000 वर मिळतो, आलेल्या रकमेवर आयकर नाही, आणि पेन्शनर गेला तर कुटुंब पेन्शन कमी होत नाही. तेव्हा नऊ-दहा टक्क्यांचं घरकर्ज असेल तर जरूर विका. एफडीत टाकण्यासाठी किंवा 'सगळेच घेतात' म्हणून विकू नका.

पारोळा तालुक्यातल्या एका हवालदाराने निम्मी पेन्शन विकली आणि पैसे जमा होताच लगतच्या शेताचा इसार दिला. सातबारा नंतर काढला, तर त्यावर मालकाच्या बहिणींचीही नावं. त्या सही देईनात. सौदा अडकला, इसार अडकला, कपात मात्र दर महिन्याला सुरू. कम्युटेशन रद्द होईल का, हे विचारायला तो धावपळ करत राहिला. पैसे एकदा मिळाले की ते रद्द होत नाही. माझं सांगणं एकच असतं: आधी सातबारा आणि फेरफार, मग इसार, आणि आकडा ठरल्यावरच टक्केवारी.

दुसरी चूक फौजेनंतरच्या सिक्युरिटीच्या नोकरीतली. जळगाव एमआयडीसीत दोन वर्षं, मग नाशिकला, आणि प्रत्येक वेळी पीएफ काढून मोकळे. पाच वर्षांच्या आत 50,000 किंवा जास्त काढले तर पॅन असूनही 10 टक्के टीडीएस कापतात. तोच पीएफ नव्या खात्यात वळवला तर जुनी वर्षं मोजली जातात.

15 वर्षांची पात्र सेवा भरायला थोडीच उरली असेल तर जवानाने थांबावं; आधी सुटलात तर सेवा पेन्शन नाही.

अग्निवीर मुदतीआधी स्वतःहून बाहेर पडला तर सेवा निधीतला, म्हणजे मुदत संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी रकमेतला, सरकारचा वाटा मिळत नाही.

पीएफ काढून देणाऱ्या एजंटाला ओटीपी देऊ नका. 'दोन दिवसांत काढून देतो' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

पीएफचा क्लेम, म्हणजे पैसे काढण्याचा अर्ज, अडकण्याचं नेहमीचं कारण नाव. फौजेच्या कागदावर कधी नावात वडिलांचं नाव नसतं, आधारवर असतं. कुठे आडनाव आधी येतं. डिस्चार्ज बुक, आधार, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. पेन्शनच्या नोंदींबाबत अडलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत घेऊन जा.